दोन सुतांची माया

[दृश्य: जुन्या पुस्तकाचं पिवळं पान. नऊ घरांच्या चौकोनावर पट्टी ठेवली जाते.]

तुकडे जोडून करायच्या गोधडीची जुनी आकृती: नऊ घरांचा चौकोन. पाच घरं गडद, चार फिकी. शेजारी घराचं माप तीन इंच आणि कापड वारात. बाकी काही लिहिलेलं नाही. जुन्या हस्तकलेच्या पुस्तकांनी वाचणारीला शिवण येतंच असं धरलेलं असतं, त्यामुळे माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडायचं जास्तीचं कापड, किती ठेवायची हे सांगायची गरज कुणाला वाटली नाही.

आणि गोधडी बिघडते ती इथेच. आकृतीत एकच रेघ असेल, तर ते बहुतेक वेळा शिवून झाल्यावरचं माप असतं. चारी बाजूंनी दोन सूत, म्हणजे पाव इंच माया वाढवायची आणि तुकडा साडेतीन इंचांचा कापायचा. तीनचाच कापला तर शिवल्यावर अडीच उरतो, आणि बारा घरांची ओळ ३६ इंचांऐवजी ३० इंचांवर थांबते. आत तुटक आणि बाहेर सलग अशा दोन रेघा असतील, तर माया आधीच धरलेली आहे. बाहेरच्या रेघेवर कापा.

त्रिकोणांच्या नक्षीत चूक जास्त महागात पडते. तीन इंचांच्या घरात दोन त्रिकोण बसवायचे असतील, तर चौकोन चार इंचांना एक सूत कमी घ्यायचा आणि कर्णावर कापायचा. तिरक्या बाजूलाही माया लागते, म्हणून साडेतीन पुरत नाहीत.

पानाची झेरॉक्स काढली तर दोन्ही बाजू पट्टीने तपासा. लांबी बरोबर आणि रुंदी दीड सूत कमी, असं होतं. धुऊन साफ केलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मचा साचा सगळ्यांत टिकाऊ. पुठ्ठ्याची कड दहा-बारा वेळा पेन्सिल फिरवली की झिजते, आणि पुढचे तुकडे नकळत लहान होत जातात.

[दृश्य: सोलापूरच्या कापडबाजारातली चाटी गल्ली. ठाणातून कापड उलगडलं जातं.]

वार म्हणजे ३६ इंच, सुमारे ९१ सेंटिमीटर. नऊवारी या शब्दात ते माप अजून रोजच्या बोलण्यात आहे. पण पुस्तकातले वार तसेच्या तसे मीटरमध्ये बदलून भागत नाही, कारण हिशेब बऱ्याचदा ३६ इंच पन्ह्याचा, म्हणजे रुंदीचा, असतो आणि दुकानातलं सुती कापड आज बहुधा ४४ इंच पन्ह्याचं मिळतं. ३६ इंचांत साडेतीनचे दहा तुकडे बसतात, ४४ इंचांत किनारी सोडून बारा. किनार वापरू नका. तिथली वीण घट्ट असते आणि धुतल्यावर ती वेगळी आटते.

लहान मुलाच्या ३६ बाय ४५ इंचांच्या गोधडीला असे नऊ घरांचे वीस चौकोन लागतात: दहांत पाच गडद घरं, दहांत चार. एकूण नव्वद गडद, नव्वद फिके तुकडे. दोन्ही रंगांचं एकेक मीटर कापड, अस्तराला एक मीटर ४० सेंटिमीटर, गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला, अर्धा मीटर.

आधी सगळं भिजवा. खळ निघते, कापड आटायचं ते आटून घेतं. गडद कापड ओलं असतानाच पांढऱ्या रुमालावर ठेवून इस्त्री दाबा. रुमालाला रंग लागला, तर ते कापड या कामातून बाद.

सोलापुरात गणवेश शिवणाऱ्यांकडे कटपीस ढिगाने मिळतात. रंग पक्के असतात, पण त्यांत बरंच टेरीकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं सुती कापड, असतं. ते सुती कापडासारखं आटत नाही, सुतीच्या इस्त्रीला चकाकतं आणि घड्या धरत नाही. दोन धागे काढून दिव्यावर धरा. सुताची राख होते, टेरीकॉटचा कडक मणी होतो. दोन्ही कापडं एका गोधडीत घालू नका.

[दृश्य: मशीनचा पाय. त्याखालून दोन तुकडे पुढे सरकतात.]

मशीनच्या पट्टीवर सुईपासून बरोबर दोन सुतांवर चिकटपट्टी लावा. प्रत्येक बाजूला एकच मिलिमीटर जास्त दाबला, तर एका शिवणीत दोन मिलिमीटर जातात. ओळीत अकरा शिवणी. बावीस मिलिमीटर, जवळजवळ इंच गेला. म्हणून आधी एकच चौकोन शिवून मोजावा. कच्च्या कडांसह तो साडेनऊ इंच भरला पाहिजे. प्रत्येक शिवणीची माया गडद कापडाकडे वळवून इस्त्री करा. शेजारच्या ओळीत ती आपोआप उलट्या दिशेला जाते, आणि सांध्यावर दोन्ही शिवणी एकमेकींत अडकून कोपरे जुळतात.

मधल्या थराला पुस्तकात कापूस असतो. सोलापूरच्या हवेला वापरून मऊ झालेली जुनी सोलापुरी चादर उत्तम. ४० बाय ४९ इंचांचा तुकडा काढा. चादर गडद असेल, तर तिचा रंग फिक्या घरांतून दिसतो, म्हणून वर मांजरपाटाचा पातळ थर द्या. टर्किश टॉवेल मात्र नको. तो पाणी धरतो, आणि धुतलेली गोधडी उचलवत नाही.

अस्तर, चादर, चौकोनांचा वरचा थर. वीतभर अंतरावर कच्चे टाके. मग धावदोरा, तो मध्यापासून कडेकडे. आपल्याकडची वाकळ कडेकडून आत शिवली जाते. तिथे तुकडे मांडत, दुमडत जायचं असतं, म्हणून फुगा आला तरी दुमडीत मुरतो. इथे वरचा थर आधीच शिवलेला. कडेकडून सुरुवात केली, तर सगळा फुगा मध्ये साठतो. चादरीतून सुई जड जाते. अंगुस्तान घाला, दोरा दीड हाताहून लांब घेऊ नका आणि इंचाला चार-पाच टाक्यांवर समाधान माना.

गोट पावणेतीन इंचांचा. अडीच इंच चादरीच्या जाडीला अपुरे पडतात. पट्टी दुहेरी घडी करून दर्शनी बाजूने मशीनवर, मागून हाताने तुरपाई. कोपऱ्याच्या दोन सूत आधी थांबा, पट्टी वर मोडा, परत खाली घ्या, आणि पुढची बाजू सुरू करा.

[दृश्य: गच्चीवर वाळणारी गोधडी.]

पहिलं धुणं गार पाण्यात. उलटी करून सावलीत वाळत घाला, आणि एका दोरीवर न टांगता दोन दोऱ्यांवर पसरा. ओली चादर जड असते, सगळा भार मधल्या टाक्यांवर येतो.