नोंद आणि माग

पडद्यावर मजकुराची एकच ओळ आहे. सुरुवातीला कोनी कंसात १६७ हा आकडा, त्यापुढे महिना, तारीख, वेळ आणि यंत्राचे नाव, आणि शेवटी एका प्रोग्रामने लिहिलेले छोटेसे वाक्य: जोडणी होऊ शकली नाही. ही ओळ सिसलॉगची, म्हणजे प्रोग्रामांचे संदेश नोंदवण्याच्या युनिक्सवरील पद्धतीची आहे. युनिक्स संगणकावरून यूडीपी या जाळ्यावर संदेश पाठवण्याच्या साध्या पद्धतीने ती ५१४ क्रमांकाच्या पोर्टकडे (संदेश स्वीकारणाऱ्या क्रमांकित दाराकडे) निघालेली असताना टिपलेली आहे.

१६७ ला आठने भागले, तर भागाकार २० येतो आणि बाकी ७ उरते. भागाकारावरून संदेश कोणत्या गटातला आहे ते कळते. २० म्हणजे लोकल-४, अर्थात प्रशासकाच्या स्वतःच्या वापरासाठी राखून ठेवलेल्या आठ गटांपैकी एक. बाकीवरून संदेशाची पातळी कळते आणि तिचा क्रम उलटा आहे: शून्य म्हणजे यंत्रणाच निकामी झाली आहे, तर सात म्हणजे निव्वळ डीबग, प्रोग्राममधले दोष शोधताना लागणारा बारीक तपशील. जोडणी न होण्यासारखी गोष्ट डीबगच्या पातळीवर का लिहिली, हे तो प्रोग्राम लिहिणाराच जाणे. पण त्यामुळेच अनेक यंत्रांवर ही ओळ कधी फाइलपर्यंत पोहोचतच नाही.

सिसलॉगची ही पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या टपाल-प्रोग्रामसाठी तयार केली आणि ती पुढे साऱ्या युनिक्सवर रुळली. तिच्या मांडणीच्या फाइलमध्ये डावीकडे गट व पातळी आणि उजवीकडे संदेश कुठे लिहायचा ते ठिकाण, एवढेच असते. लिहिलेली पातळी आणि तिच्याहून गंभीर असलेले सगळे संदेश त्या ओळीत येतात, त्यामुळे इन्फो (साधी माहिती) ही पातळी लिहिली की डीबग बाहेर राहते. जुन्या युनिक्सवर या दोन रकान्यांच्या मध्ये टॅबच लागतो. तिथे स्पेस पडली, तर डोळ्यांना फरक दिसत नाही आणि ती ओळ मात्र लागू होत नाही. नोंदी लिहिणारा प्रोग्राम म्हणजे सिसलॉगडी; जुना सिसलॉगडी अस्तित्वात नसलेली फाइल स्वतःहून निर्माणही करत नाही, म्हणून ती आधी रिकामी तयार करावी, सिसलॉगडीला हँगअप सिग्नल देऊन मांडणी पुन्हा वाचायला लावावी आणि लॉगर या आज्ञेने एक चाचणीचा संदेश पाठवून तो खरोखर उतरला की नाही, हे पाहावे. ही शेवटची पायरी सर्रास गाळली जाते, आणि नोंद होतच नव्हती हे गरज पडते त्या दिवशी लक्षात येते.

नोंद झाली तरी तिच्यातून फक्त प्रोग्रामचे म्हणणे कळते. तारेवर प्रत्यक्ष काय घडले, ते पाहायला माग काढावा लागतो, म्हणजे जाणारी-येणारी पॅकेटे (माहितीचे छोटे गठ्ठे) टिपावी लागतात. युनिक्सच्या प्रकारांपैकी सोलॅरिसवर त्यासाठी स्नूप, एआयएक्सवर आयपीट्रेस आणि एचपी-यूएक्सवर नेटटीएल आहे. पण सर्वांत परिचित साधन म्हणजे १९८८ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत जन्मलेले टीसीपीडंप.

ते चालवताना पत्त्यांची नावे शोधणे आधी बंद करावे, नाहीतर प्रत्येक पत्त्यासाठी ते नाव विचारत बसते आणि पाहणाराच रहदारीत भर घालतो. दूरून एसएसएचने (दुसऱ्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्याच्या जोडणीने) लॉगिन केले असेल, तर २२ क्रमांकाचे पोर्ट गाळावे. अन्यथा पडद्यावर उमटलेल्या प्रत्येक ओळीमुळे नवे पॅकेट निघते, त्या पॅकेटची पुन्हा ओळ उमटते आणि ही साखळी थांबत नाही. टिपलेला मजकूर फाइलमध्ये लिहावा, फाइलच्या आकाराला व संख्येला मर्यादा घालावी, आणि उघडे पासवर्डही तिच्यात येऊ शकतात हे ध्यानात ठेवून ती इतरांना वाचता येणार नाही अशी ठेवावी.

आता तीच ‘जोडणी होऊ शकली नाही’ ही वेळ मागामध्ये पाहू. सिन, म्हणजे जोडणी मागणारे पहिले पॅकेट गेले आणि लगेच रीसेट, म्हणजे नकाराचे पॅकेट परत आले, तर बहुधा पलीकडचे यंत्र जागेवर आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. सिन गेले, एका सेकंदाने पुन्हा गेले, मग दोन आणि चार सेकंदांच्या अंतराने जात राहिले आणि उत्तर आलेच नाही, तर वाटेतल्या फायरवॉलकडे (रहदारी अडवणाऱ्या यंत्रणेकडे) किंवा मार्गाकडे पाहावे लागते. नोंदीत या दोन्हींसाठी वाक्य एकच होते.

अर्थात ही जुळवणी घड्याळावर उभी आहे. सिसलॉगच्या जुन्या स्वरूपात वर्षही नसते आणि वेळेचा विभागही नसतो. ही उणीव २००९ च्या आरएफसी ५४२४ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजाने भरून काढली, तरी जुने स्वरूप अजून जागोजागी आहे. म्हणून दोन्ही यंत्रांची घड्याळे एनटीपीने (जाळ्यावरून घड्याळे जुळवण्याच्या पद्धतीने) जुळलेली आहेत, याची खात्री माग सुरू करण्यापूर्वीच करावी.

काम झाले की कंट्रोल-सी दाबून टीसीपीडंप थांबवतात, तेव्हा शेवटी तीन आकडे दिसतात: किती पॅकेटे टिपली, किती गाळणीपर्यंत आली आणि कर्नलने (यंत्रणेच्या गाभ्याने) किती सोडून दिली. तिसरा आकडा शून्य नसेल, तर मागामध्ये न दिसलेले पॅकेट आलेच नव्हते, असे म्हणता येत नाही.