जहाज सोमवारी, विमा मंगळवारी

श्रोतेहो, नमस्कार.

जगाच्या बाजारात उतरायचं तर काय शिकावं लागतं, त्याबद्दल आज बोलू. आपल्याकडे १९९३ साली रायबंदरच्या जुन्या इस्पितळात गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट सुरू झालं, मग ते साखळीजवळ गेलं. ताळगाव पठारावर विद्यापीठाचं बिझनेस स्कूल आहे. परदेशी बाजाराचा अभ्यास, चलनाची चढउतार हे सगळं मुलं वर्गात शिकतात, आणि ते शिकायलाच हवं. पण मला सांगायचंय डिचोलीकडच्या एका काजू कारखान्यातलं.

एका संस्थेची चार मुलं तिथे प्रशिक्षणाला आली होती. त्यांनी युरोपच्या बाजारावर सुंदर सादरीकरण केलं. निर्यातीचं टेबल सांभाळणारी बाई बारावी झालेली, सत्तरी तालुक्यातली. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि कागदांचा गठ्ठा मुलांपुढे ठेवला. खरेदीदाराच्या बँकेचं पतपत्र, म्हणजे कागद बरोबर असले तर पैसे देऊ ही हमी, इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती, आणि विम्याचा कागद. म्हणाली, "हे उद्या बँकेत जायचे आहेत. चूक शोधा."

मुलांनी वजन ताडलं, रक्कम ताडली. काजूची प्रत डब्ल्यू-३२०, म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशे वीस गर, तेही बरोबर. विमा मालाच्या किमतीच्या एकशे दहा टक्क्यांचा, तोही बरोबर. तासभर गेला, चूक काही सापडेना. शेवटी बाईनं दोन कागदांवर दोन बोटं ठेवली. "भुरग्यांनो, तारखो पळयात." म्हणजे, मुलांनो, तारखा बघा.

माल जहाजावर चढला सोमवारी. विम्याचा कागद मंगळवारचा. पुन्हा सांगतो, जहाज सोमवारी, विमा मंगळवारी. बँक हे कागद परत करते, कारण विमा माल चढण्याच्या दिवसापर्यंत लागू झालेला असावा लागतो. कंटेनरमधला काजू कितीही उत्तम असो, बँक कागद बघते, माल बघत नाही. श्रोतेहो, हे लक्षात ठेवा: बँक कागद बघते, माल बघत नाही. बाईनं विमा कंपनीला फोन लावला, जोखीम रविवारपासून लागू आहे असं कागदावर लिहून घेतलं, आणि कागद मुदतीत बँकेत पोचले.

मग तिनं मुलांना विचारलं, "डॉलरचा भाव आजच बांधून ठेवता येतो म्हणतात, तो कसा?" एका मुलीनं तिथल्याच कोऱ्या कागदावर आकडे मांडले. पैसे तीन महिन्यांनी येणार असतील तर आज बँकेशी भाव ठरवायचा, मग तोवर रुपया वर जावो की खाली, मिळकत ठरलेली. बाईनं उलटसुलट प्रश्न विचारले आणि तो कागद फायलीत लावून ठेवला.

आता जरा वेगळं, पण मला हे फार वाटतं. आपले कारखाने कच्चा काजू आफ्रिकेतून मागवतात. तिथल्या गिनी-बिसाऊची मुख्य निर्यातच काजू, मोझांबिकमध्येही तो पिकतो, आणि दोन्हीकडे राजभाषा पोर्तुगीज. आपल्या कितीतरी घरांत आजोबा पोर्तुगीज वाचायचे, आणि नातवाला आज ती येत नाही. व्यापार शिकणाऱ्या गोव्याच्या मुलांना ती शिकवायलाच हवी. जुन्या राजवटीचा राग मलाही आहे, पण भाषेवर तो कशाला काढायचा?

असो. मुलांना दोन महिने निर्यातीच्या टेबलावर बसवा, नुसता कारखाना दाखवून आणू नका. आणि त्या बाईसारखी माणसं वेर्ण्यात, कुंडईत, मुरगाव बंदरात शेकड्यांनी काम करतात. त्यांना दिवसा रजा मिळत नाही. त्यांच्यासाठी शनिवारी संध्याकाळी वर्ग भरवा, कोंकणीत आणि मराठीत, पदवीची अट न घालता. डॉलरचा भाव कसा बांधायचा, इथून सुरुवात करा.

नमस्कार.