पाचशे सदतीस

(दृश्य : पंच कार्डाचा एक कोपरा, भिंगातून.)

पडद्यावर दिसते आहे ते जाड कागदाचे एक लांबट कार्ड आहे. त्यावर कोणा उमेदवाराचे नाव नाही की पक्षाचे चिन्ह नाही. आहेत त्या केवळ आकड्यांच्या रांगा आणि प्रत्येक आकड्यापाशी, चार कोपऱ्यांच्या आधारावर जेमतेम तगून राहिलेला कागदाचा एक इवलासा चौकोन. मतदाराने हे कार्ड मतदानयंत्राच्या खाचेत सरकवायचे, वर बसवलेल्या पुस्तिकेत हव्या त्या उमेदवाराचे नाव शोधायचे आणि त्याच्यासमोरच्या भोकातून टोकदार सळई दाबायची. खालचा चौकोन गळून पडला की जे छिद्र उरते, ते त्याचे मत. गळून पडणाऱ्या या कपट्याला इंग्रजीत ‘चॅड’ म्हणतात. २००० सालच्या नोव्हेंबरपर्यंत हा शब्द बहुतेक अमेरिकी लोकांच्याही कानावरून गेलेला नव्हता. त्यानंतरचे पाच आठवडे मात्र जगातील सर्वांत बलाढ्य देशाचा अध्यक्ष कोण होणार, हा प्रश्न त्या कपट्याला लटकून राहिला होता.

(दृश्य : फ्लोरिडाचा नकाशा.)

मंगळवार, ७ नोव्हेंबर २०००. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार टेक्सासचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश, तर डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार विद्यमान उपाध्यक्ष अल गोर. अमेरिकेत अध्यक्षाची निवड मतदार थेट करीत नाहीत. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक निर्वाचक मते येतात आणि बहुतेक राज्यांत, एका मताने का होईना, जो पुढे असेल त्याच्या पदरात ती सगळीच्या सगळी पडतात. ५३८ पैकी २७० मते मिळवणारा अध्यक्ष होतो. इतर सर्व राज्यांचा हिशेब लागल्यावर गोर यांच्याकडे २६७ मते होती, बुश यांच्याकडे २४६, आणि फ्लोरिडाची २५ मते तेवढी अधांतरी राहिली होती. देशभरातील एकूण मतांत गोर पाच लाखांहून अधिक मतांनी पुढे होते, परंतु या पद्धतीत त्या आघाडीला काही किंमत नव्हती. गोर यांना स्वतःचे टेनेसी राज्य राखता आले असते तर फ्लोरिडाकडे पाहण्याचीही गरज पडली नसती, ही गोष्ट त्यांच्या समर्थकांच्या बोलण्यात क्वचितच येते.

त्या रात्री वृत्तवाहिन्यांनी प्रथम फ्लोरिडा गोर यांना देऊन टाकला, आणि तोही अशा वेळी की राज्याच्या पश्चिम टोकाला, जेथे घड्याळ एक तास मागे असते, मतदान अजून संपले नव्हते. दोन तासांनी त्यांनी तो परत घेतला. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास त्यांनी तो बुश यांना दिला. गोर यांनी बुश यांना फोन करून अभिनंदन केले आणि पराभव मान्य करण्याचे भाषण करायला ते नॅशव्हिलच्या पावसात निघाले. मोटारींचा ताफा वाटेत असतानाच त्यांच्या माणसांना कळले की फरक झपाट्याने घटतो आहे. गोर यांनी पुन्हा फोन लावला आणि अभिनंदन मागे घेतले. बुश यांचे धाकटे बंधू जेब हे त्या वेळी फ्लोरिडाचेच गव्हर्नर होते. भावाने विजयाची खात्री दिली आहे, असे बुश म्हणाले, तेव्हा तुमचा धाकटा भाऊ म्हणजे या बाबतीतला अखेरचा शब्द नव्हे, असे गोर यांनी त्यांना सुनावल्याचे पुढे जाहीर झाले. पहाटे चारच्या सुमारास वाहिन्यांनी बुश यांचा विजयही मागे घेतला.

सकाळी फरक होता १,७८४ मतांचा. तो अर्ध्या टक्क्याहून कमी असल्याने राज्याच्या कायद्यानुसार यंत्रांनी फेरमोजणी करणे बंधनकारक होते. ती झाली आणि फरक ३२७ वर आला.

येथे थोडे थांबायला हवे. तीच कार्डे, तीच यंत्रे, मग आकडे वेगळे का यावेत? काही ठिकाणी पहिल्या बेरजांतल्या चुका दुरुस्त झाल्या. व्होलुसिया काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग) तर संगणकाच्या सदोष नोंदीमुळे निकालाच्या रात्री एका मतदान केंद्रावर गोर यांच्या नावापुढे उणे १६ हजारांहून अधिक मते दिसली होती. पण पंच कार्डांच्या बाबतीत कारण अधिक साधे आहे. मोजणीयंत्र छिद्रातून पार जाणारा प्रकाश ओळखते. कपटा एका कोपऱ्यावर लोंबकळत राहिला असेल तर कार्ड यंत्रातून सरकताना तो कधी उघडतो, कधी मिटतो आणि कधी कायमचा गळून पडतो. म्हणजे प्रत्येक मोजणी ज्या वस्तूची मोजणी करते, त्या वस्तूतच थोडा बदल करते.

(दृश्य : पाम बीच काउंटीची मतपत्रिका, दोन्ही पाने उघडी.)

पाम बीच ही अटलांटिक किनाऱ्यावरची काउंटी, निवृत्त ज्येष्ठ नागरिकांची मोठी वस्ती असलेली. तेथील निवडणूक अधिकारी बाईंनी, म्हाताऱ्या डोळ्यांना नावे नीट वाचता यावीत म्हणून अक्षरे मोठी केली. अक्षरे मोठी झाल्यावर दहा उमेदवार एका पानावर मावेनात, म्हणून नावे समोरासमोरच्या दोन पानांवर आली आणि भोकांची रांग मधोमध राहिली. फुलपाखराच्या पंखांसारखी दिसते म्हणून हिला पुढे ‘फुलपाखरी मतपत्रिका’ असे नाव पडले. डावीकडे वरून पहिले नाव बुश यांचे, दुसरे गोर यांचे. मधल्या रांगेत पहिले भोक बुश यांचे होते, परंतु दुसरे गोर यांचे नव्हते. ते उजव्या पानावरच्या, रिफॉर्म पक्षाच्या पॅट ब्युकॅनन यांचे होते, आणि गोर यांचे भोक तिसरे. नावाशेजारी बाण काढलेले होते, हे खरे. पण दुसऱ्या नावासाठी दुसरे भोक दाबणाऱ्या माणसाला वेंधळा म्हणणे कठीण आहे.

कडव्या उजव्या विचारांच्या ब्युकॅनन यांना ज्यू मतदारांची मोठी संख्या असलेल्या या काउंटीत ३,४०० हून अधिक मते मिळाली. शेजारच्या, लोकसंख्येने मोठ्या ब्रॉवर्ड काउंटीत त्यांना हजारही मिळाली नव्हती. ही बहुतेक मते आपली नसावीत, असे खुद्द ब्युकॅनन यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले. याखेरीज १९ हजारांहून अधिक मतदारांनी एकाऐवजी दोन भोके पाडली होती, आणि ती कार्डे सरसकट बाद झाली. उत्तरेकडे जॅक्सनव्हिल शहराच्या डुवाल काउंटीतही असेच झाले. तेथे अध्यक्षपदाच्या उमेदवारांची नावे एकामागून एक अशा दोन पानांवर होती, आणि नमुना मतपत्रिकेवर प्रत्येक पानावर मत द्यावे, अशी सूचना होती. सूचना पाळणाऱ्यांची वीस हजारांहून अधिक मते बाद ठरली.

बाद मतांचा भार सर्वांवर सारखा पडला नव्हता. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाच्या २००१ च्या अहवालाने मांडलेल्या अंदाजानुसार फ्लोरिडातील कृष्णवर्णीय मतदारांपैकी १४.४ टक्क्यांची मते बाद झाली, तर इतरांमध्ये हे प्रमाण १.६ टक्के होते. शिक्षा भोगून सुटलेल्यांनाही त्या काळी मताधिकार नाकारणाऱ्या या राज्यात, गुन्हेगारांची नावे वगळण्यासाठी बनवलेल्या यादीत केवळ नामसाधर्म्यामुळे अडकलेले लोक मतदान केंद्रावरून परत गेले होते, ते निराळेच.

(दृश्य : ब्रॉवर्ड काउंटीतील मतगणना, डोळे विस्फारून कार्डाकडे पाहणारे न्यायाधीश.)

गोर यांनी चार काउंट्यांत हाताने फेरमोजणी मागितली : पाम बीच, ब्रॉवर्ड, मायामी-डेड आणि व्होलुसिया. चारही त्यांना अनुकूल अशा. संपूर्ण राज्यात फेरमोजणी व्हावी, असे आवाहन त्यांनी नंतर जाहीरपणे केले खरे, पण रीतसर मागणी केली ती या चारच ठिकाणी. आमच्या मते त्यांच्या बाजूची ही सर्वांत महागात पडलेली चूक होती.

फ्लोरिडाचा कायदा सांगत होता की मतदाराचा हेतू स्पष्ट दिसत असेल तर मत बाद करता येणार नाही. हेतू ठरवायचा कोणी? प्रत्येक काउंटीच्या तीन सदस्यांच्या मतगणना मंडळाने. मग टेबलांभोवती माणसे बसली. एक कार्ड उचलायचे, दिव्यासमोर धरायचे, दोन्ही पक्षांच्या निरीक्षकांना दाखवायचे आणि ठरवायचे. एका कोपऱ्यावर अडकलेला कपटा तो ‘लटकता’. दोन कोपऱ्यांवर दारासारखा हलणारा तो ‘झुलता’. तीन कोपऱ्यांवर टिकलेला आणखी वेगळा. चारही कोपरे शाबूत असून मध्ये नुसता खळगा किंवा फुगवटा आलेला असेल तर त्याला ‘गरोदर’ म्हणत. हा फुगवटा म्हणजे सळई अर्धवट दाबलेल्या मतदाराचे मत, की दाबता दाबता विचार बदललेल्या मतदाराचे मौन? न्यायालयात असाही युक्तिवाद झाला की यंत्रांच्या तळाशी जुन्या निवडणुकांतील कपटे साचल्यामुळे सळई पुरती आत जातच नव्हती.

पाम बीचमध्ये आधी १९९० सालच्या नियमाने मोजणी सुरू झाली, ज्यात चारही कोपरे जोडलेला कपटा धरला जात नव्हता. मग जरासा प्रकाश दिसला तरी मत मानायचे ठरले. मग पुन्हा जुना नियम आला. पुढे ठाम नियमच सोडून दिला गेला आणि अखेर फुगवट्यांचाही विचार करा, असा न्यायालयाचा आदेश आला. ब्रॉवर्डने अधिक उदार निकष लावला आणि लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त, पाम बीचच्या जवळपास तिप्पट नवी मते शोधून काढली. फ्लोरिडाच्या कायद्याने हेतू शोधायला सांगितले होते, हेतू कोणत्या मापाने मोजावा हे सांगितले नव्हते.

या काळात तत्त्वे मात्र सोयीनुसार फिरत होती. हाताने मोजणी म्हणजे मनमानी, असे म्हणणारे रिपब्लिकन वकील, परदेशातील सैनिकांची टपालाचा शिक्का नसलेली मते स्वीकारावीत म्हणून उदारपणाची विनवणी करीत होते. एकेक मत मोजा, असा आग्रह धरणारे डेमोक्रॅट वकील त्याच लिफाफ्यांवरच्या तारखा तपासत होते.

निकाल प्रमाणित करण्याचा अधिकार राज्य सचिव कॅथरिन हॅरिस यांचा. बुश यांच्या फ्लोरिडातील प्रचारमोहिमेच्या त्या सहअध्यक्षही होत्या. राज्याचे महाधिवक्ता बॉब बटरवर्थ हे गोर यांच्या मोहिमेचे प्रमुख होते, हेही नोंदवलेले बरे. आपल्या निवडणूक आयोगासारखी साऱ्या देशाची निवडणूक घेणारी एकच यंत्रणा तेथे नाही. राज्ये आणि काउंट्या आपापल्या रीतीने निवडणुका घेतात, आणि त्या चालवणारे पुष्कळदा पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले असतात. मायामी-डेडमध्ये रिपब्लिकन कार्यकर्त्यांनी सरकारी इमारतीत घोषणाबाजी व धक्काबुक्की केली. त्याच दिवशी, २२ नोव्हेंबरला, तेथील मंडळाने वेळ अपुरा असल्याचे सांगून मोजणी थांबवली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वाढवून दिलेली मुदत २६ तारखेला संध्याकाळी पाच वाजता संपत होती. पाम बीचची मोजणी त्यानंतर सुमारे दोन तासांनी संपली आणि तिचा निकाल स्वीकारला गेला नाही. हॅरिस यांनी आकडे जाहीर केले : बुश २९,१२,७९०, गोर २९,१२,२५३. फरक ५३७. जवळपास साठ लाख मतांमध्ये, दर अकरा हजारांमागे एक.

(दृश्य : महामार्गावर पिवळा ट्रक, आकाशातून टिपलेला.)

गोर यांनी निकालाला आव्हान दिले तेव्हा पाम बीचच्या मतपत्रिका एका भाड्याच्या पिवळ्या ट्रकमधून राजधानी टालाहासीकडे निघाल्या आणि वाहिन्यांची हेलिकॉप्टरे तासन् तास त्या ट्रकच्या डोक्यावर घिरट्या घालत राहिली. कनिष्ठ न्यायालयाने ती कार्डे न तपासताच दावा फेटाळला. ८ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी, ज्या कार्डांवर यंत्राला अध्यक्षपदाचे मतच दिसले नव्हते, ती सर्व राज्यभर हाताने तपासण्याचा आदेश दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी सुरू झाली आणि दुपारी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार, तिला स्थगिती दिली.

१२ डिसेंबरच्या रात्री दहाच्या सुमारास अंतिम निकाल आला. वाहिन्यांचे प्रतिनिधी थंडीत न्यायालयाच्या पायऱ्यांवर कागद चाळत, वाचता वाचताच प्रेक्षकांना अर्थ सांगत होते. निकालपत्रावर लेखक न्यायमूर्तींचे नाव नव्हते. निरनिराळ्या निकषांनी मते मोजल्यास नागरिकांच्या समान संरक्षणाच्या हक्काचा भंग होतो, यावर नऊपैकी सात न्यायमूर्तींचे एकमत झाले. परंतु आता समान निकष ठरवून पुन्हा मोजायला वेळ उरलेला नाही, हे पाच विरुद्ध चार असे ठरले. राज्याने निर्वाचकांबाबतचा वाद मिटवण्याच्या ज्या मुदतीचा हा आधार होता, ती त्याच मध्यरात्री संपत होती, आणि मोजणी तीन दिवस थांबवून ठेवली होती ती याच न्यायालयाने. आपला विचार प्रस्तुत परिस्थितीपुरताच मर्यादित आहे, असेही निकालात लिहिलेले आहे; आमच्या लेखी त्या निकालातील सर्वांत बोलके वाक्य तेच. विजेता कोण हे कदाचित कधीच निश्चित कळणार नाही, पण हरले आहे ते न्यायाधीशांच्या निःपक्षपातीपणावरचा राष्ट्राचा विश्वास, अशा आशयाचे भिन्नमत न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी नोंदवले.

दुसऱ्या रात्री गोर यांनी पराभव मान्य केला. बुश यांना फोन केला आहे आणि या वेळी पुन्हा फोन करणार नाही असे वचनही दिले आहे, असे ते भाषणाच्या आरंभी म्हणाले. ६ जानेवारी २००१ रोजी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, संयुक्त बैठकीत उपाध्यक्ष या नात्याने स्वतःच्या पराभवाची मोजणी त्यांनाच करावी लागली, आणि सिनेट या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्याची आवश्यक ती सही नसल्यामुळे आपल्याच पक्षाच्या कृष्णवर्णीय सदस्यांचे आक्षेप त्यांनी एकामागून एक फेटाळले. सही नसली तरी पर्वा नाही, असे त्यांच्यापैकी मॅक्सीन वॉटर्स म्हणाल्या. नियमांना पर्वा आहे, असे गोर यांनी उत्तर दिले.

(दृश्य : प्रकाशपेटीवर ठेवलेले कार्ड.)

त्या वर्षी फ्लोरिडाने पंच कार्डे कायद्याने बंद केली. त्याच वेळी शिकागो विद्यापीठाशी संलग्न एक संशोधनसंस्था, प्रमुख वृत्तपत्रांच्या खर्चाने, मोजणीत न धरलेल्या १,७५,०१० मतपत्रिका तपासत होती. नोव्हेंबर २००१ मध्ये निष्कर्ष आले. गोर यांनी मागितलेली चार काउंट्यांची मोजणी पुरी झाली असती तरी बुशच जिंकले असते. राज्यातील सगळ्याच बाद मतपत्रिका, दोन खुणा असलेल्यांसह, तपासल्या असत्या तर गोर जिंकले असते, निकषागणिक ६० ते १७१ मतांनी. कोरी वाटणारी कार्डे तपासण्यासाठी प्रत्येकी तीन प्रशिक्षित माणसे बसवली होती. कोणालाही कसली घाई नव्हती, खोलीबाहेर घोषणा नव्हत्या, आणि काही कार्डांवर ती तीन माणसे एकमेकांशी सहमत झाली नाहीत.