अर्धं दाबलेलं बटण

[काळा पडदा. पॉवर बटणाचा टक् आवाज. लेन्स बाहेर येते.]

हा आवाज ओळखीचा वाटतोय ना? झ्झ्झ करत नळी बाहेर आली, पुढची इवलीशी पाती पापणीसारखी उघडली, मागचा स्क्रीन उजळला. बरीच वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होता हा कॉम्पॅक्ट, खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा. बॅटरी चार्ज केली, कार्ड टाकलं, त्याने फक्त आजची तारीख विचारली, बाकी काही कुरकुर नाही.

आज मेगापिक्सेलबद्दल एक शब्द बोलायचा नाहीये. आज फक्त बटणं. खरीखुरी, अंधारातही बोटाला सापडणारी बटणं, आमच्या मते तीच याची श्रीमंती, आणि त्यातली निम्मी कुणी कधी दाबलेलीच नसतात.

[शटर बटण, अगदी जवळून. बोट हळूहळू खाली जातंय.]

सगळ्यात मोठं बटण आधी. शटर. हे सगळेच दाबतात आणि बहुतेक जण चुकीचं दाबतात, म्हणजे दारावरची बेल दाबावी तसं खच्चून. या बटणाला दोन पायऱ्या आहेत. स्लो मोशनमध्ये बघा, बोट खाली जातंय, जातंय, आणि... इथे. इथे हलकासा अडथळा लागतो. बोटाला कळतो पण डोळ्याला दिसत नाही, म्हणून हा एक शॉट आम्ही सात वेळा घेतला. याला म्हणतात हाफ प्रेस.

आता त्या क्षणात आत काय काय उरकतं ते ऐका. लेन्समधली एक काच मागेपुढे सरकते, आणि ती सरकत असताना चित्रातल्या कडा किती ठळक होतायत हे कॅमेरा बघत राहतो, ठळकपणा वाढतोय, वाढतोय, मग कमी झाला की त्याला कळतं आपण पुढे आलो, मग एक पाऊल मागे. जुन्या रेडिओवर स्टेशन लावताना काटा जरा पुढे जाऊ द्यायचा आणि परत मागे आणायचा, तसंच. म्हणूनच कोऱ्या भिंतीसमोर बिचारा गोंधळतो, तिथे कडाच नाहीत ना, स्क्रीनवरची चौकट पिवळी लुकलुकते आणि आपण म्हणतो कॅमेरा बिघडला. त्याला दाराची चौकट दाखवा, लगेच हिरवा. अंधारात पुढचा छोटा दिवा पेटतो तोही याचसाठी, पुष्कळ लोक त्यालाच फ्लॅश समजतात.

फोकसबरोबर उजेडही मोजून होतो, शटर किती वेळ उघडं ठेवायचं, लेन्सचं छिद्र केवढं ठेवायचं, सगळं ठरतं आणि बोट तिथे आहे तोवर ठरलेलं तसंच धरून ठेवलं जातं. खरी गंमत या धरून ठेवण्यात आहे.

[खिडकीजवळ उभी असलेली बाई. कॅमेरा तिच्यावरून हळूच उजवीकडे वळतो.]

या ताई मध्ये आहेत तोवर अर्धं दाबलं. बीप. आता बोट न उचलता कॅमेरा वळवला, त्या फ्रेमच्या कडेला गेल्या, मागची सगळी खिडकी आत आली, मग पूर्ण दाबलं. फोकस ताईंवरच. आणि ते जे सगळे म्हणायचे ना, हा कॅमेरा उशिरा क्लिक करतो, मूल झोक्यावरून उतरल्यावर फोटो निघतो, त्याचंही बरंचसं औषध इथेच आहे. झोका जिथे वर येणार त्या अंतरावर आधीच अर्धं दाबून वाट बघत बसायचं. वेळ खाणारं काम होऊन गेलेलं असतं.

[शटरभोवतीचा लिव्हर डावीकडे, उजवीकडे.]

हा झूम. स्क्रीनवरच्या पट्टीत मध्ये एक रेघ दिसते, रेघेपर्यंत काचा खरंच सरकतात, रेघेपलीकडे नुसतं चित्र कापून मोठं करणं. पलीकडे जाऊ नका. मेन्यूत डिजिटल झूम बंद करता येतो, करून टाका.

[मोड डायल. क्रक्, क्रक्, क्रक्.]

हा आवाज एडिटमध्ये वाढवलेला नाही, असाच आहे.

डायलवर हिरवं चित्र म्हणजे ऑटो. ऑटो वाईट नाही, घाईत तोच बरा, पण ऑटोमध्ये गेलं की बऱ्याच कॅमेऱ्यांत निम्मा मेन्यू गायब होतो, आयएसओला, म्हणजे कॅमेऱ्याने उजेडाला किती दाद द्यायची त्या आकड्याला, हात लावू देत नाही, उजेड कमीजास्त करू देत नाही, आणि जरा अंधारलं की न विचारता फ्लॅश. म्हणजे आपण बटणांचा कॅमेरा घेतला आणि बटणं कुलपात. आम्ही बाजू घेतोय, कबूल आहे.

पुढे सीनवाले मोड. पोर्ट्रेट, लँडस्केप, मुलं आणि प्राणी, फटाके, बर्फ. लोकांना वाटतं ही खेळण्यातली चित्रं आहेत. प्रत्येक चित्राच्या मागे कुणीतरी आपल्यासाठी चार सेटिंग करून ठेवलीत. फटाके मोड म्हणजे फोकस थेट लांबवर, आयएसओ कमी, फ्लॅश बंद आणि शटर काही सेकंद उघडं, म्हणून कॅमेरा कशावर तरी ठेवावाच लागतो. मुलांचा मोड याच्या उलट, शटर होता होईल तेवढं वेगात. नाइट पोर्ट्रेटमध्ये फ्लॅश चेहऱ्यावर पडतो पण शटर नंतरही उघडं राहतं, मागचे दिवे यावेत म्हणून, त्यामुळे फ्लॅश उडाला की मंडळी हलली तर चेहऱ्याची भुतं होतात.

[पांढरी चादर. पहिल्या फोटोत करडी, दुसऱ्यात पांढरी.]

बर्फ काही आम्हाला मिळाला नाही, चादर मिळाली. पण मुद्दा तोच आहे आणि हा मुद्दा कळला की अर्धा कॅमेरा कळला. कॅमेऱ्याला चादर पांढरी आहे हे माहीत नसतं. त्याला फक्त उजेड किती आला ते कळतं, आणि त्याचा हिशोब असा की समोरचं जग सरासरीने मध्यम करड्या रंगाचं असणार. समोर सगळं पांढरंच असेल तर त्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो कमी करतो, चादर मळकी दिसते. समोर सगळं काळं असेल तर तो उजेड वाढवतो.

[काळा बोका, काळ्या सोफ्यावर. फोटोत करडा दिसतो.]

हा आमचा बोका. कोळशासारखा काळा आहे, फोटोत राखेत लोळून आल्यासारखा दिसतोय. बर्फ मोडमध्ये जे आपोआप होतं ते आपण हाताने करायचं, त्यासाठी डायल पी वर. पी म्हणजे प्रोग्रॅम, ऑटोसारखाच, शटर आणि छिद्र तो ठरवतो, पण कुलपं उघडी. आणि हे अधिक-वजाचं बटण, एक्सपोजर कॉम्पेनसेशन, त्याने ठरवलेला उजेड आपण कमीजास्त करायचा. साधारण वजा २ ते अधिक २, मध्ये एक तृतीयांशाच्या पायऱ्या. चादरीला अधिक १. बोक्याला वजा १. झाला बघा काळा, मिशा पण दिसतायत. अख्ख्या कॅमेऱ्यात मला एकच बटण ठेवा म्हटलं, शटर सोडून, तर मी हे ठेवेन. काम झालं की शून्यावर आणायला विसरू नका, दुसऱ्या दिवशीचे सगळे फोटो काळवंडतात आणि कारण सापडत नाही, हे अनुभवाचे बोल.

[नळाचं पाणी. आधी मण्यांसारखं, मग दोऱ्यासारखं.]

हे दोन फोटो एकाच नळाचे. डायल एस वर, काही कंपन्या टीव्ही लिहितात, त्याचा टेलिव्हिजनशी संबंध नाही, टाइम व्हॅल्यू. इथे शटरचा वेग आपला, बाकी त्याचं. पहिला १/१००० सेकंद, थेंब हवेत अडकलेत, त्यातल्या एकात खिडकी उलटी दिसतेय, आम्हाला घरी मोठ्या स्क्रीनवर बघितल्यावर कळलं. दुसरा १/८, कॅमेरा पुस्तकांच्या चवडीवर ठेवून, पाणी रेशमासारखं. १/१००० ला उजेड खूप लागतो, नाहीतर आयएसओ चढवावा लागतो आणि एवढ्याशा सेन्सरवर, म्हणजे आत चित्र टिपणाऱ्या चिपवर, ८०० च्या पुढे रवाळ व्हायला लागतं. म्हणून नळ खिडकीतला निवडला.

ए किंवा एव्ही म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्सचं छिद्र आपल्या हातात. एफ २.८, ४, ५.६, ८, आकडा वाढला की छिद्र लहान, दर पायरीला उजेड निम्मा. आता लोक विचारतात की २.८ ठेवूनही मागचं धूसर का होत नाही. त्याचं उत्तर या फ्रेममध्ये.

[करंगळी. नखावर कागदाचा छोटा आयत.]

हा कागद कॉम्पॅक्टमधल्या १/२.३ इंची सेन्सरएवढा कापलाय, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. हिशोब केलात तर १/२.३ इंच म्हणजे ११ मिलिमीटर होतात आणि याचा कर्ण जेमतेम पावणेआठ, कारण हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून आलंय, नळ्या गेल्या नाव राहिलं. एवढ्या छोट्या सेन्सरला लेन्सही छोटी पुरते, डब्ब्यावर फोकल लेन्थ, म्हणजे ढोबळमानाने लेन्सपासून चित्र उमटतं तिथवरचं अंतर, जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मापात २८ मिलिमीटर लिहिलेली असली तरी आतल्या लेन्सची खरी ५ मिलिमीटरच, आणि इतक्या आखूड लेन्सला जवळपास सगळंच स्पष्ट दिसतं. मागचं धूसर हवं असेल तर छिद्राच्या भरवशावर राहू नका, झूम पूर्ण लावा, जितकं जवळ जाता येईल तितकं जा, मागची भिंत लांब असू द्या. छिद्र ८ च्या आसपास नेलं तर इथे फायदा कमी, उजेड वाकून उलट चित्र मऊ पडतं. स्वस्तातल्या काही कॅमेऱ्यांत तर पाकळ्यांचं छिद्रच नसतं, उजेड कमी करायला एक काळसर काच मध्ये सरकते.

एम म्हणजे सगळं आपलं. तो रात्रीच्या शूटसाठी ठेवला होता, ते शूट झालंच नाही. पुढे जाऊ.

[कॅमेऱ्याची मागची बाजू. स्क्रीनवर बोका.]

हा स्क्रीन. आज वाटतं कॅमेरा म्हणजे मागे स्क्रीन असणारच. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने १९७५ मध्ये पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा जोडला, वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र ०.०१ मेगापिक्सेलचं, कृष्णधवल, एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद, आणि बघायचा असेल तर टीव्हीला जोडा. मेगापिक्सेल बोलणार नव्हतो, पण ०.०१ चालून जावा. मागे स्क्रीन लावून सामान्य गिऱ्हाइकाला विकलेला पहिला म्हणून नाव येतं कॅसिओ क्यूव्ही-१० चं, १९९५ साली, १.८ इंची स्क्रीन, आत २ एमबी मेमरी आणि तेवढ्यात ९६ फोटो. त्याची लेन्स वळायची, म्हणजे स्वतःचा फोटो स्वतःला बघत काढता यायचा, १९९५ मध्ये. फोटो काढला की लगेच मान खाली घालून बघायची आपली सवय तिथून.

[चार बाजूंचं गोल बटण. अंगठा डावीकडे दाबतो. फुलाचं चिन्ह.]

फूल म्हणजे मॅक्रो. हे न दाबता फुलाजवळ गेलात तर पिवळी चौकट, दाबलंत तर बरेच कॅमेरे ५ सेंटिमीटर, काही १ सेंटिमीटरपर्यंत जातात. पण झूम न लावता, हे लक्षात असू द्या, झूम लावला की हे अंतर वाढतं. हा शॉट बघा.

[जास्वंदीचे परागकण. सात सेकंद निवेदन नाही.]

इथे तो छोटा सेन्सर कामी येतो, मोठ्या कॅमेऱ्याला याच फ्रेमसाठी वेगळी लेन्स लागली असती.

उजवीकडे विजेचं चिन्ह, फ्लॅश. रात्रीपेक्षा दिवसा जास्त उपयोगी, खोटं वाटेल. मुलगा खिडकीला पाठ करून बसलाय, चेहरा काळा. फ्लॅश सक्तीने चालू, आता डोळे पण दिसले, खिडकीबाहेरचं झाडही राहिलं. हा तीनचार मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही, लांबच्या स्टेजवर उडवून काही मिळत नाही, पुढच्या रांगेतली डोकी तेवढी उजळतात. डोळ्याचं चिन्ह असेल तर आधी एक दिवा पेटतो, बाहुली लहान व्हावी आणि फोटोत डोळे लाल येऊ नयेत म्हणून, तेवढ्यात सगळ्यांना वाटतं झाला फोटो, आणि पांगापांग.

खाली टायमर. १० सेकंदांचा सगळ्यांना माहितेय. २ सेकंदांचा कशाला? कॅमेरा टेबलावर ठेवूनही बटण दाबताना तो हलतो, दोन सेकंदांत स्थिर होतो. मघाचा रेशमी नळ तसाच काढलाय.

व्हाइट बॅलन्सचे, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवण्याचे, शॉट खोलीतल्या ट्यूबखाली सगळेच हिरवट आले, ते दाखवत नाही.

[बंद पडलेला कॅमेरा, अर्धी बाहेर आलेली लेन्स.]

आणि हो, वाळू. एक कण नळीच्या फटीत गेला की लेन्स एरर, संपलं. आणि नवेही आता कमीच बनतात, जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांत २०१० मध्ये १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०२० मध्ये १ कोटीही नाहीत.

[सोफा. बोका जांभई द्यायच्या बेतात. बॅटरीचं चिन्ह लाल.]

वजा १ वर आहे. फ्लॅश बंद. फोकस डोळ्यांवर, चौकट हिरवी, बोट अर्ध्यावर. जांभईची वाट बघतोय, तो अशी देतो की घशापर्यंत दिसतं. बोट अजून अर्ध्यावर. मिनिट होत आलं.

[क्लिक. स्थिरचित्र: रिकामा काळा सोफा, उजव्या कोपऱ्यात शेपटी.]

शेपटी मात्र काळीभोर आलीय.