ॲलन पेज: वकील व्हायला निघालेला फुटबॉलपटू

[हात कॅमेऱ्यासमोर, करंगळी ताणलेली]

नमस्कार मंडळी. ही माझी करंगळी. सरळ आहे. आता डोळ्यांसमोर आणा, की हीच करंगळी मधल्या पेरापासून थेट काटकोनात बाहेर वळलीय. इतकी, की गर्दीत हात खाली सोडला तर शेजारच्याला टोचेल. मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात २२ वर्षांहून जास्त काळ बसलेल्या एका न्यायमूर्तींचं बोट असं आहे. बो टाय लावणारे, हळू आवाजात बोलणारे न्यायमूर्ती ॲलन पेज. या बोटावर त्यांनी शिक्षिका असलेल्या आपल्या मुलीसोबत लहान मुलांसाठी एक पुस्तकही लिहिलंय.

बोट वाकवलं फुटबॉलने. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, अमेरिकन फुटबॉल.

नियम दोन वाक्यांत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ११ विरुद्ध ११. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांनी ४ प्रयत्नांत १० यार्ड, म्हणजे साधारण ९ मीटर पुढे सरकायचं. जमलं की पुन्हा नवे ४ प्रयत्न. आणि यात एक गोष्ट आपल्याला नवीन वाटते: चेंडू पुढे नेणारे खेळाडू वेगळे आणि त्यांना अडवणारे वेगळे. अडवणारा माणूस अख्खी कारकीर्द फक्त अडवण्यात घालवतो. पेज अडवणाऱ्यांतला, आणि त्यातही डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे फळीच्या मधोमध उभा राहणारा.

[जागेवरून उठून, वाकून दाखवत]

असं वाकायचं. एका हाताची बोटं जमिनीला टेकवायची. समोरच्याच्या हेल्मेटची जाळी हातभर अंतरावर असते. चेंडू हलायच्या आधी सुटलात आणि रेषा ओलांडलीत तर दंड. उशिरा सुटलात तर समोरचा गडी तुमच्या छातीत घुसलेला असतो. कबड्डीतला चांगला कोपरारक्षक आठवा; चढाईपटूचं पाऊल पडायच्या आत त्याला ते कळलेलं असतं. पेजचं तसंच होतं. उंची सहा फूट चार इंच, पण त्या जागेच्या मानाने अंग हलकं. त्याचं सगळं बळ पहिल्या पावलात होतं. जुनी चित्रणं मी कितीतरी वेळा पाहिली आहेत. चेंडू मागे जातो आणि पेज आधीच दोघांच्या फटीतून पलीकडे गेलेला असतो. समोरचे दोघं एकमेकांवर आपटतात.

१९६७ मध्ये नोत्र दाम विद्यापीठातून राज्यशास्त्राची पदवी घेऊन तो एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघात आला. तिथली बचावाची पुढची फळी, कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज, जांभळ्या जर्सीमुळे ‘पर्पल पीपल ईटर्स’ या नावाने गाजली. मैदान उघडं, मिनेसोटातली थंडी हाडं गोठवणारी, आणि प्रशिक्षक बड ग्रँट मैदानाच्या कडेला शेगडीसुद्धा ठेवू देत नसत.

१९७१ च्या हंगामात पेजला लीगचा सर्वोत्तम खेळाडू, एमव्हीपी, म्हणून निवडलं गेलं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा हा किताब मिळवणारा तो पहिला बचावपटू. त्यानंतर आजवर फक्त एका बचावपटूला तो मिळालाय: लॉरेन्स टेलर, १९८६. १९७१ च्याच हंगामात डेट्रॉइट लायन्सविरुद्ध पंचांनी पेजला लागोपाठ दंड ठोकले. ते त्याला इतके लागले, की पुढचे काही डाव त्याने एकट्याने उधळून लावले. त्याला चुकीचा निर्णय सहन होत नसे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याचे आकडे सांगताना मला वाईट वाटतं. क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, फेकायच्या आत मागे पाडणं याला ‘सॅक’ म्हणतात. बचावपटूची खरी कमाई ती. पण लीगने प्रत्येकाच्या सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासून ठेवली. पेज १९८१ अखेर थांबला. जुन्या नोंदी चाळून अभ्यासकांनी त्याच्या नावावर १४८.५ सॅक मांडले आहेत, पण अधिकृत रकान्यात काही नाही. बाकी जे आहे तेही थोडं नाही: १५ हंगामांत २१८ सामने, एकही न चुकवता. चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, खेळला, चारही हरला.

आता मला जे सांगायचंय ते. पेजची ओळख नेहमी ‘न्यायाधीश झालेला फुटबॉलपटू’ अशी करून दिली जाते. मला ती उलटी वाटते. ओहायोतल्या कँटन या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात १९४५ साली जन्मलेल्या या कृष्णवर्णीय मुलाला लहानपणापासून वकील व्हायचं होतं. तो आठ वर्षांचा असताना, १९५४ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. कायद्यात ताकद असते, हे त्या निकालाने आपल्याला दाखवलं, असं पेज नेहमी सांगत आले आहेत. फुटबॉल वाटेत भेटला.

आणि खेळत असतानाही त्याचं लक्ष कायद्याकडेच होतं. तो खेळाडूंच्या संघटनेत व्हायकिंग्जचा प्रतिनिधी होता. तेव्हा नियम असा, की करार संपून खेळाडू दुसऱ्या संघात गेला तर जुन्या संघाला भरपाई काय द्यायची ते लीगचा आयुक्त ठरवणार. भरपाई किती पडेल याचा नेम नाही, मग कोण कशाला दुसऱ्याचा खेळाडू घेईल? करार संपला तरी माणूस दावणीलाच. खेळाडू कोर्टात गेले. जॉन मॅकी या खेळाडूच्या नावाने गाजलेल्या त्या खटल्यात पेज एक वादी होता, आणि १९७५ च्या डिसेंबरात न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी तो नियम बेकायदा ठरवला.

कायद्याच्या शिक्षणाची पहिली खेप तीन आठवड्यांत आटोपली होती. त्याने सोडून दिलं. दुसऱ्यांदा मिनेसोटा विद्यापीठात नाव घातलं आणि पूर्णवेळ खेळत असताना १९७८ मध्ये पदवी घेतली. रविवारी मैदानात अंग ठेचून घ्यायचं आणि आठवडाभर खटल्यांचे निकाल वाचायचे. परीक्षेच्या दिवसांत नुसती सर्दी झाली तरी आपण कुरकुरतो.

त्याच वर्षी व्हायकिंग्जने त्याला काढलं. बायको डायेन सिगारेट सोडण्यासाठी पळायला लागली, तिच्याबरोबर हाही पळू लागला, आणि वजन शंभरेक किलोपर्यंत उतरलं. प्रशिक्षकांना ते पटेना. शिकागो बेअर्सने त्याला घेतलं, ते संघाने काढलेल्या खेळाडूवर हक्क सांगण्याच्या ठरलेल्या १०० डॉलर शुल्कात. शिकागोत तो आणखी तीन हंगामांहून जास्त खेळला. १९७९ मध्ये डुलुथची मॅरेथॉन पूर्ण केली. खेळत असताना मॅरेथॉन पुरी करणारा लीगमधला तो पहिला.

१९८८. कँटन. फुटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचं सन्मान-दालन, याच गावात आहे, आणि शाळकरी वयात पेजने त्या इमारतीच्या बांधकामावर काम केलेलं आहे. आता तिथे त्याचा अर्धपुतळा बसणार होता. अशा वेळी खेळाडूची ओळख करून द्यायला सहसा जुना प्रशिक्षक किंवा सहकारी येतो. पेजने बोलावलं मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांना, विलरीन बीझली यांना. भाषणात सामन्यांच्या आठवणी जवळजवळ नव्हत्याच, शिक्षण होतं. व्हायकिंग्जच्या एका बैठकीत डावांची वही मोठ्याने वाचायची वेळ आली, तेव्हा काही सहकाऱ्यांना ती धड वाचता येईना, हे त्याने पाहिलं होतं. शाळा-कॉलेजं पार करून आलेले हे पुरुष. चेंडू अडवता येतो म्हणून वर्गावर्गातून त्यांना पुढे ढकललं गेलं होतं. त्याच वर्षी त्याने आणि डायेनने काळ्या आणि इतर वंचित समाजांतल्या मुलांसाठी शिष्यवृत्तीची संस्था काढली. अट एकच, पण मला फार आवडलेली: पैसे घेणाऱ्याने वर्षाला किमान ५० तास आपल्यापेक्षा लहान मुलांना द्यायचे.

मिनेसोटात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश मतदार निवडतात. १९९२ मध्ये पेज उभा राहायला निघाला, तर गव्हर्नरांनी त्या जागेवरच्या न्यायाधीशांची मुदत वाढवून निवडणूकच टाळली. डेट्रॉइटचा सामना आठवला ना? पेज कोर्टात गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्याच जागेचं, म्हणून ते ऐकायला वेगळे न्यायाधीश बसवावे लागले. निकाल पेजच्या बाजूने लागला, निवडणूक झाली आणि तो मोठ्या फरकाने जिंकला. जानेवारी १९९३ मध्ये शपथ घेतली. त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती.

इथून पुढे माझ्या तोंडून ‘तो’ निघत नाही.

२०१५ मध्ये सत्तरी गाठल्यावर ते नियमाप्रमाणे निवृत्त झाले. मिनियापोलिसमध्ये अलेक्झांडर रॅम्झी या जुन्या गव्हर्नरच्या नावाची एक शाळा होती. १८६२ मध्ये तिथल्या मूळनिवासी डाकोटा लोकांना संपवा नाहीतर हद्दपार करा, असं जाहीरपणे म्हणणारा हा माणूस. त्याचं नाव आमच्या शाळेला नको, म्हणून तिथल्या विद्यार्थ्यांनीच मोहीम चालवली. २०१७ मध्ये पाटी बदलली. आता तिच्यावर आहे, ‘जस्टिस पेज मिडल स्कूल’.