नऊ नंबरची ट्राम

(दृश्य : अ‍ॅमस्टरडॅम, प्लान्टाज मिडनलान. ट्रामची घंटा.)

रस्ता तसा फार रुंद नाही. एका अंगाला नाट्यगृह, समोर पाळणाघर, मधून ट्राम.

जुलै १९४२. जर्मनांनी या नाट्यगृहातली नाटकं बंद केली आणि तिथं धरून आणलेले ज्यू कोंडायला सुरुवात केली. इथून वेस्टरबोर्कची छावणी, आणि तिथून पुढे आउशवित्झ नाहीतर सोबिबोर, म्हणजे मृत्युछावण्या. लहान मुलांची रडारड, पळापळ पहारेकऱ्यांना नकोशी झाली. म्हणून मुलं समोरच्या पाळणाघरात धाडली गेली. तेवढीच एक फट.

पाळणाघर हेन्रिएट पिमेंटेल यांच्या हाती होतं. नाट्यगृहातल्या नोंदी वॉल्टर स्यूस्किंड पाहत. ते स्वतः ज्यू, पण जन्माने जर्मन. अधिकाऱ्यांशी त्यांच्याच भाषेत गप्पा मारायचे आणि मागे कागदावरून मुलाचं नाव नाहीसं करायचे.

मूल बाहेर काढायचं कसं? पहारेकरी समोरच उभे. पण नऊ नंबरची ट्राम पाळणाघरासमोर थांबली, की तेवढा वेळ त्यांना दार दिसत नसे. त्या आडोशाने मूल घेऊन निघायचं. तान्ही बाळं पाठपिशवीतून, कपड्यांच्या टोपलीतून गेली. काही मुलं परसातल्या कुंपणावरून शेजारच्या अध्यापक विद्यालयात पोचली. तिथले प्रमुख योहान फान हुल्स्ट.

(क्षणभर शांतता.)

पण त्याआधी कुणीतरी रस्ता ओलांडून आईबापांना विचारायला जायचं. मूल द्याल का? कुठे नेणार, कुणाकडे, हे सांगता यायचं नाही. काहींनी हो म्हटलं. काहींनी मुलाला सोडलं नाही. त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्यांनी बाळ दिलं, त्यांच्यातल्या काही आया दुपट्यात बाहुली गुंडाळून, तिला छातीशी धरून गाडीत चढल्या. मोजदाद जुळली पाहिजे ना.

पुढचं काम विद्यार्थ्यांचं, त्यातही तरुण मुलींचं. आगगाडीने फ्रीसलंडला, लिम्बुर्गला, शेतकऱ्यांच्या घरी. मुलाने नवं नाव पाठ करायचं. कुणी विचारलंच तर सांगायचं, रॉटरडॅमवर बॉम्ब पडले, त्यात आईबाबा गेले.

जुलै १९४३मध्ये पिमेंटेलना पकडलं. आउशवित्झमध्ये त्यांची हत्या झाली. २९ सप्टेंबरला पाळणाघर रिकामं करण्यात आलं. तोवर सुमारे ६०० मुलं निसटली होती. स्यूस्किंडही युद्धातून परतले नाहीत.

फान हुल्स्ट १०७ वर्षं जगले. वाचलेल्या मुलांविषयी विचारलं, की त्यांना आठवायची ती शेवटच्या दिवशीची, मागे राहिलेली मुलं. सगळी नेणं शक्य नव्हतं. कोण जाणार, हे त्यांनाच ठरवावं लागलं होतं.

त्यांचं विद्यालय आता होलोकॉस्ट संग्रहालय झालं आहे. २०२४च्या मार्चपासून ते खुलं आहे. दारासमोरून ट्राम अजून जाते. फक्त नंबर बदललाय. आता चौदा.