टपली मारणारं यंत्र

(पडदाभर पेट्री डिश, सरपटणारे कृमी)

सी. एलिगन्स हा कृमी. लांबी 1 मिलिमीटर, चेतापेशी मोजून 302. हलका स्पर्श टिपायला त्यातल्या फक्त 6. तोच तोच धक्का बसत राहिला, तर त्याला सवय होते का? ते पाहायचंय.

(काडीच्या टोकाला चिकटवलेला भुवईचा केस)

संशोधक चाल्फी आणि सल्स्टन यांनी 1981 मध्ये स्पर्श न जाणवणारे कृमी निवडून काढले, ते अशाच केसाने. केस फुकटचा, पण हात बदलला की जोर बदलतो. म्हणून टपली कृमीला नाही, डिशलाच मारायची. आणि तीही यंत्राने.

(सोल्डरचा धूर, मग जवळून सर्किट)

12 व्होल्टचा छोटा सोलेनॉइड: करंट दिला की दांडा ढकलणारी कॉइल. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळून जातो. त्याला अँपिअरभर करंट लागतो. तो चालवणारा आर्डुइनो म्हणजे छोटा कंट्रोलर बोर्ड; त्याची पिन 20 मिलिअँपिअरपुढे ताणू नये. मधे मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, हवाच. आयआरएलझेड44एन घ्या. आयआरएफ540 दिसायला डिट्टो तसाच, पण 5 व्होल्टवर पुरता उघडत नाही आणि तापतो. मॉसफेटच्या गेटपासून, म्हणजे स्विच चालवणाऱ्या पायापासून, ग्राउंडला 10 किलोओहमचा रेझिस्टर लावा, नाहीतर आर्डुइनो सुरू होतानाच एखादी टपली फुकट पडते. सोलेनॉइडला समांतर 1एन4007 डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), रुपेरी पट्टा प्लसकडे. तो विसरलात, तर कॉइल बंद होताना उसळणारं व्होल्टेज ऐन प्रयोगात आर्डुइनो रीसेट करू शकतं. उलटा लावलात, तर मॉसफेटच जातो.

(डिशखाली लाल उजेड)

निळ्या उजेडापासून कृमी पळ काढतात. लाल एलईडीच लावा.

(थरथरलेलं चित्र)

हे पाहा. सगळे कृमी एकदम सरकले? छे, कॅमेरा हलला. कॅमेऱ्याचा स्टँड आणि सोलेनॉइड एकाच फळीवर आहेत. फळ्या वेगळ्या करा, डिश खाचेत घट्ट बसवा. आणि झाकणावर हे धुकं? डिश फ्रिजमधून थेट इथे आली.

(संथ गतीत टपली)

पल्स 25 मिलिसेकंदांचा. लांबवला तर कॉइलची ऊब डिशपर्यंत जाते. त्याच क्षणी कोपऱ्यातला एलईडी लुकलुकतो, म्हणजे टपलीची फ्रेम नंतर शोधत बसायला नको. दर 10 सेकंदांनी एक, अशा 30 टपल्या. पहिलीला कृमी झर्रकन मागे सरतो. पुढे ते सरणं आखूड होत जातं. हा थकवा नाही, सवय आहे: विजेचा झटका दिला की प्रतिसाद परततो, हे संशोधक कॅथरिन रँकिन यांच्या गटाने 1990 मध्येच दाखवलं.

(तिसावी टपली. एलईडी लुकलुकतो. कृमी जेमतेम अंग चोरतो आणि पुन्हा चरू लागतो.)